मुक्तस्रोत फोटो सॉफ्टवेअर नवख्याच्या हाती देण्याआधी: डार्कटेबल सोपे करून मांडण्याची पद्धत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लग्नांची आणि गावच्या यात्रांची छायाचित्रे काढून घराला हातभार लावणारी पुष्कळ तरुण मुले आज दिसतात. त्यांचा कॅमेरा दुसऱ्याने वापरलेला असला, तरी त्यात रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) काढण्याची सोय असते आणि मुलांना ती ठाऊकही असते. तरीही बहुतेकांचे काम जेपीईजीवरच चालते, कारण रॉ फाइलवर काम करण्याचे प्रचलित सॉफ्टवेअर दरमहा भाडे मागते आणि लग्नसराई सरल्यावर आषाढ-श्रावणात ते भाडे परवडत नाही. डार्कटेबल हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर हेच काम विनामूल्य करते. ते २००९ साली लिनक्सवर सुरू झाले, डिसेंबर २०१७ मधील २.४ या आवृत्तीपासून विंडोजवरही अधिकृतपणे चालू लागले, आणि त्याच्या क्षमतेविषयी मला कधी शंका वाटलेली नाही.

अडचण क्षमतेची नाही. नवखा मुलगा ते उघडतो तेव्हा साठाहून अधिक मॉड्यूल (एकेक काम करणारी साधने) त्याच्यासमोर उभी राहतात, एकच काम तीन-तीन ठिकाणी करता येते असे त्याला दिसते, आणि ‘हे आपल्या आवाक्यातले नाही’ असे म्हणून तो पंधरा मिनिटांत ते बंद करतो. अशा वेळी आपण त्याला आणखी शिकवायला बसतो. गेली काही वर्षे शेजारपाजारच्या मुलांना हे सॉफ्टवेअर बसवून देताना माझी खात्री झाली आहे की शिकवण्याआधी सॉफ्टवेअर आवरून ठेवणे हेच खरे काम आहे, आणि ते शिकणाऱ्याने नव्हे तर बसवून देणाऱ्याने करायचे असते. म्हणून हा लेख स्टुडिओतील थोरल्या कारागिरासाठी, संगणक शिकवणाऱ्या सरांसाठी, किंवा घरात ज्याला ‘दादा, जरा बघून दे’ असे सांगितले जाते त्याच्यासाठी आहे. येथील वर्णन ५.० आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांना धरून आहे.

सॉफ्टवेअरच्या निवडीबद्दल थोडक्यात सांगतो. रॉथेरपी उत्तम आहे आणि ज्याला फोल्डर उघडून थेट काम करायचे आहे त्याला ते पुरते. डिजिकॅम हे हजारो जुनी छायाचित्रे लावून ठेवण्यासाठी आहे. जिंपमध्ये अल्बमच्या पानांची जुळणी, मजकूर आणि कापाकापी करता येते, परंतु रॉ फाइल उघडण्यासाठी ते स्वतःच डार्कटेबल किंवा रॉथेरपीची मदत घेते. लग्नाची आठशे-हजार छायाचित्रे निवडणे, सुधारणे आणि बाहेर काढणे हे सगळे एका छताखाली हवे असेल, तर डार्कटेबल घ्यावे. नवख्याला एका वेळी एकच सॉफ्टवेअर द्यावे.

आधी बघत बसावे

पहिली पायरी संगणकाला हात न लावता करायची आहे. ज्याच्यासाठी हे मांडायचे त्याला जसेच्या तसे डार्कटेबल उघडून द्यावे आणि एवढेच सांगावे: ‘या पाच फोटोंपैकी एक निवड, थोडा उजळ कर आणि व्हॉट्सॲपवर पाठवण्यासारखा करून दे.’ त्यानंतर अर्धा तास त्याच्या मागे बसून वहीत टिपणे घ्यावीत. माऊस हातात घेऊ नये, बोट दाखवू नये, ‘अरे, तिथे नाही’ असे म्हणू नये. हे फार जड जाते, कारण उत्तर आपल्याला येत असते आणि समोरचा माणूस चाचपडत असतो. परंतु त्याचा बाण कुठे घुटमळतो, कोणते चिन्ह तो दोनदा दाबतो आणि कुठे घाबरून थांबतो, याची नोंद दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही. तीन-चार जणांना असे बसवले की अडखळण्याच्या त्याच त्या जागा पुन्हा पुन्हा दिसू लागतात. पुढील बहुतेक पायऱ्या माझ्या अशाच वहीतून आल्या आहेत.

फोल्डर, आणि कवटीचे चित्र

डार्कटेबल छायाचित्रे स्वतःच्या पोटात घेत नाही. ती डिस्कवर जिथे आहेत तिथेच राहतात आणि डार्कटेबल फक्त त्यांचा पत्ता आपल्या नोंदवहीत लिहून ठेवते. हे न सांगितल्यामुळे जो घोटाळा होतो तो मी अनेकदा पाहिला आहे. मुलगा आयात करतो, दोन दिवस काम करतो, मग जागा करण्यासाठी ते फोल्डर विंडोजमधून दुसऱ्या ड्राइव्हवर हलवतो, आणि डार्कटेबल उघडल्यावर प्रत्येक छायाचित्राच्या जागी त्याला कवटी दिसते. ‘दादा, फोटो मेले की ओ!’ असे एकाने मला रात्री साडेदहाला फोनवर सांगितले होते. फोटो मेलेले नसतात. डावीकडील कलेक्शन्स या भागात त्या फोल्डरच्या नावावर उजवे क्लिक करून ‘सर्च फिल्मरोल’ निवडावे आणि नवी जागा दाखवावी, म्हणजे सगळे परत येते.

तथापि ती वेळ येऊ नये म्हणून आधीच एक फोल्डर ठरवून द्यावे. डी ड्राइव्हवर एकच मुख्य फोल्डर, त्यात वर्षाचे फोल्डर, आणि त्यात तारखेने सुरू होणारे प्रत्येक कामाचे फोल्डर, एवढे पुरे. फोल्डरांची आणि फायलींची नावे अंक व रोमन अक्षरे यांतच ठेवावीत, कारण ही छायाचित्रे पुढे लॅबच्या आणि अल्बम छापणाऱ्यांच्या जुन्या यंत्रांवर जातात आणि देवनागरी नावांची फाइल तिथे उघडेलच असे नाही. आयात करताना दोन पर्याय दिसतात: एक जिथल्या तिथे नोंद करतो, दुसरा मेमरी कार्डावरून नकल करून मग नोंद करतो. कार्डावरून काम असेल तर दुसराच वापरायचा, हे पहिल्याच दिवशी हाताला वळण लावावे. कार्डावर असतानाच नोंद केली आणि कार्ड काढून घेतले, की पुन्हा कवटी.

मूळ रॉ फाइलला डार्कटेबल कधीही बदलत नाही. केलेला प्रत्येक बदल त्याच्या नोंदवहीत आणि छायाचित्राशेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहिला जातो. आपल्याकडे काम रंगात आलेले असतानाच लाइट जाते, त्यामुळे ही गोष्ट केवळ तांत्रिक नाही. तिने धीर येतो. म्हणून माझा पहिला धडा बिघडवण्याचा असतो. एक छायाचित्र घेऊन ते मुद्दाम हवे तितके खराब करायला सांगतो, मग डावीकडील हिस्टरीमध्ये सर्वांत खालच्या ‘ओरिजिनल’वर क्लिक करायला लावतो. केलेला सगळा बिघाड एका क्लिकने गेलेला पाहिला की चेहऱ्यावरचा ताण उतरतो, आणि त्यानंतर तोच मुलगा निर्भयपणे प्रयोग करू लागतो.

प्रेफरन्सेसमध्ये करायचे मोजके बदल

वरच्या कोपऱ्यातील दातेरी चाकाच्या चिन्हाने प्रेफरन्सेस उघडतात. तिथे शेकडो गोष्टी आहेत, पण नवख्यासाठी मी चारच बदलतो. जनरल या विभागात अक्षरांचा आकार वाढवतो, कारण स्वस्त लॅपटॉपच्या लहान पडद्यावर मूळची अक्षरे वाचताना डोळे शिणतात. उजव्या पट्टीत माऊसचे चाक फिरवले की पट्टी वरखाली सरकावी असा पर्याय तिथे आहे, तो चालू करतो. तो बंद असताना पट्टी खाली सरकवायला गेलेले चाक वाटेतील एखाद्या स्लायडरचे मूल्य बदलून टाकते, आणि छायाचित्र का काळवंडले हे कुणालाच कळत नाही. प्रोसेसिंग विभागात रॉ फाइलवर आपोआप लागणारी पद्धत ‘सीन-रेफर्ड, सिग्मॉइड’ अशी ठेवतो, कारण फिल्मिक या दुसऱ्या पद्धतीपेक्षा सिग्मॉइडमध्ये हलवायचे स्लायडर कमी आहेत आणि पहिल्या क्षणी दिसणारा निकाल डोळ्यांना पटतो. रॅम चार जीबीच असेल तर त्याच विभागातील रिसोर्सेसचा पर्याय ‘स्मॉल’ करतो. आठ जीबी असेल तर मूळचाच राहू देतो.

सिक्युरिटी विभागातील ‘काढण्यापूर्वी विचारावे’ अशा आशयाच्या खुणा मात्र कधीही काढू नयेत. लाइटटेबलमधील (सगळी छायाचित्रे एकत्र दिसतात त्या भागातील) ‘रिमूव्ह’ केवळ नोंद पुसते आणि ‘डिलीट’ खरी फाइल कचऱ्यात टाकते. हा फरक तोंडी सांगून भागत नाही. दोन निरुपयोगी छायाचित्रांवर तो करून दाखवावा.

उजवी पट्टी मोकळी करणे

आता मुख्य काम. डार्करूममध्ये, म्हणजे एकेक छायाचित्र सुधारण्याच्या भागात, उजवीकडे आलेखाच्या खाली चिन्हांची एक ओळ असते आणि तिच्या उजव्या टोकाला तीन आडव्या रेषांचे चिन्ह असते. ते दाबले की मॉड्यूलांच्या तयार मांडण्या दिसतात. त्यांत ‘वर्कफ्लो: बिगिनर’ नावाचीही एक आहे. ती मूळच्या गर्दीपेक्षा बरी असली तरी आपल्या कामासाठी अजूनही भरगच्चच आहे. म्हणून त्याच यादीतून मांडण्या बदलण्याची खिडकी उघडावी, बिगिनर मांडणीची नकल करावी, आणि त्या नकलेला आपले नाव द्यावे. मी ‘लग्नाचे काम’ असे देवनागरीतच देतो.

नाव देवनागरीत चालते, ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण माझ्या दृष्टीने सगळ्या पद्धतीची किल्ली तीच आहे. सॉफ्टवेअरने स्वतः लिहिलेले शब्द आपल्याला लगेच बदलता येत नाहीत. मात्र ज्या चौकटीत आपण टंकू शकतो ती प्रत्येक चौकट मराठी स्वीकारते. मांडणीचे नाव, गटाचे नाव, प्रीसेटचे (एका मॉड्यूलच्या साठवलेल्या सेटिंगचे) नाव, स्टाइलचे (अनेक मॉड्यूलांच्या एकत्र सेटिंगचे) नाव, टॅग, छायाचित्राचे शीर्षक, एवढ्या जागा आपल्या हातात आहेत. भाषांतराची वाट न पाहता आजच अर्धी वाट मराठी करता येते.

नकलेतील सगळे गट काढून टाकून मी तीनच ठेवतो. पहिल्या गटाचे नाव ‘चौकट’: त्यात क्रॉप, तसेच वाकडे चित्र सरळ करणारे रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह. दुसऱ्याचे ‘उजेड आणि रंग’: त्यात एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड आणि कलर बॅलन्स आरजीबी. तिसऱ्याचे ‘सफाई’: त्यात डीनॉइज प्रोफाइल्ड, लेन्स करेक्शन आणि डाग काढण्यासाठी रीटच. सगळी मिळून नऊ मॉड्यूल होतात. कुणी म्हणेल की टोन इक्वलायझरशिवाय, लोकल कॉन्ट्रास्टशिवाय काम कसे होणार? होते. दोन महिन्यांनी मुलगा स्वतःच विचारतो की नवरीचा चेहरा तेवढा वेगळा उजळता येईल का, आणि त्या दिवशी टोन इक्वलायझर यादीत घालावे. मागणीच्या आधी दिलेले साधन पट्टीत अडगळ होऊन बसते.

याच खिडकीत क्विक ॲक्सेस पॅनेल चालू ठेवण्याचा पर्याय आहे. या पॅनेलची खुबी अशी की त्यात पूर्ण मॉड्यूल न आणता त्यातील एकेक स्लायडर उचलून आणता येतो. मी तिथे एक्स्पोजरचा मुख्य स्लायडर, सिग्मॉइडचा कॉन्ट्रास्ट, कलर बॅलन्समधील ग्लोबल व्हायब्रन्स, आणि डीनॉइज व लेन्स करेक्शन यांची फक्त चालू-बंद करण्याची बटणे ठेवतो. पहिले पंधरा दिवस मुलाने या पॅनेलच्या बाहेर पाऊल टाकले नाही तरी त्याचे काम अडत नाही.

येथे तीन सवयी लावाव्यात. स्लायडरच्या नावावर दोनदा क्लिक केले की तो मूळ मूल्यावर येतो. स्लायडरवर उजवे क्लिक केले की हवा तो आकडा टंकता येतो. आणि मॉड्यूल कोणत्या क्रमाने उघडले याला महत्त्व नसते, कारण आतील प्रक्रियेचा क्रम डार्कटेबल स्वतःच ठरलेला ठेवते. ही शेवटची गोष्ट सांगितली नाही तर ‘आधी रंग केला, मग उजेड केला, म्हणून बिघडले असेल’ अशी भीती मनात राहते.

अंतरपाट, हळद आणि पांढरा रंग

नवख्यांचा सर्वांत जास्त वेळ रंगाच्या तोलात जातो, आणि डार्कटेबलमध्ये या कामाची दोन मॉड्यूल असल्यामुळे गोंधळ दुप्पट होतो. व्हाइट बॅलन्स नावाचे जुने मॉड्यूल आहे, आणि नव्या पद्धतीत तेच काम कलर कॅलिब्रेशन करते. दोन्हींत फेरफार केला तर तोल दोनदा लागतो आणि सॉफ्टवेअर तशी सूचना दाखवते, पण ती इंग्रजीत असते आणि घाईत कुणी वाचत नाही. म्हणूनच वरच्या मांडणीत मी व्हाइट बॅलन्स ठेवलेलेच नाही. ते आत आपले काम करत राहते, फक्त त्याला हात लागत नाही.

कलर कॅलिब्रेशनमध्ये प्रकाशाचा प्रकार निवडायची यादी आहे आणि शेजारी ड्रॉपरचे चिन्ह आहे. ड्रॉपर घेऊन छायाचित्रातील पांढऱ्या किंवा राखी भागावर चौकोन ओढला की त्या प्रकाशाचा हिशेब लावला जातो. पुस्तकी सल्ला राखी रंगाचे कार्ड जवळ बाळगण्याचा असतो, पण भर मुहूर्ताला कार्ड धरायला कोण उभे राहणार? आपल्या लग्नात मात्र त्या कामाचे साधन भटजीच समोर धरून उभे असतात, ते म्हणजे अंतरपाट. कुंकवाचे स्वस्तिक सोडून त्याच्या पांढऱ्या भागावर चौकोन ओढावा, मिळालेला तोल त्या कार्यालयातील त्याच उजेडात काढलेल्या सर्व छायाचित्रांना लावावा, आणि बघावे. वराच्या टोपीचा किंवा धोतराचा भागही चालतो, पण मुंडावळ्यांचे मोती टाळावेत, कारण ते आजूबाजूचे रंग परावर्तित करतात. मांडवाचे कापड गुलाबी किंवा केशरी असेल तर त्याखालचा सगळा उजेडच त्या रंगाचा असतो. अशा वेळी कापडाखाली काढलेल्या छायाचित्रातूनच तोल घ्यावा, दारातल्या छायाचित्रातून नव्हे.

हळदीच्या समारंभासाठी वेगळी सूचना द्यावी लागते. यादीत छायाचित्रावरून प्रकाश आपोआप ओळखण्याचे पर्याय आहेत आणि मुलांना ते फार आवडतात. ते पर्याय छायाचित्रातील रंगांवरून अंदाज बांधतात, त्यामुळे चेहरे, हात, साड्या आणि पाट सगळे हळदीने माखलेले असताना तो पिवळेपणा प्रकाशाचा दोष आहे असे समजून तो काढून टाकण्याकडे त्यांचा कल होतो. नवरी निळसर, आजारी दिसू लागते. हळदीच्या छायाचित्रांत स्वयंचलित पर्याय वापरूच नये. दिवसाच्या उजेडात ‘डेलाइट’ निवडावे किंवा कॅमेऱ्याने टिपलेलाच तोल राहू द्यावा.

असेच शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे. बेळगावात ती रात्रभर चालते, आणि निळ्या-जांभळ्या एलईडीच्या झोतात उभ्या असलेल्या चेहऱ्यावर दुसऱ्या कोणत्याही रंगाचा उजेड पडलेलाच नसतो. जो रंग कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही तो कोणतेही मॉड्यूल परत आणू शकत नाही. हे स्पष्ट सांगावे, नाहीतर मुलगा तासभर स्लायडर ओढत बसतो आणि आपल्यालाच काही येत नाही असे समजतो. अशी छायाचित्रे कृष्णधवल करावीत किंवा त्या रंगासह स्वीकारावीत.

प्रीसेट आणि स्टाइल

प्रत्येक मॉड्यूलच्या माथ्यावर तीन रेषांचे चिन्ह असते. तिथून त्या मॉड्यूलची आत्ताची सेटिंग प्रीसेट म्हणून साठवता येते आणि ती कोणत्या छायाचित्रांना आपोआप लागावी याच्या अटीही घालता येतात: कॅमेऱ्याचे मॉडेल, लेन्स, आयएसओ इत्यादी. मी दोनच स्वयंचलित प्रीसेट करतो. आयएसओ १६०० च्या वर गेला की डीनॉइज प्रोफाइल्ड आपोआप लागावे, हा पहिला. ‘फोटो फुटतो’ ही मुलांची नेहमीची तक्रार यानेच बरीच कमी होते. लेन्स करेक्शन सर्व रॉ फायलींना लागावे, हा दुसरा. याहून अधिक गोष्टी आपोआप केल्या की छायाचित्र असे का दिसते हे शिकणाऱ्याला कळेनासे होते.

५.० या आवृत्तीपासून ५०० हून अधिक कॅमेरा मॉडेलांसाठी तयार स्टाइल मिळतात. त्या लावल्यावर रॉ फाइल कॅमेऱ्याच्या स्वतःच्या जेपीईजीसारखी दिसते. ‘कॅमेऱ्यात चांगला दिसणारा फोटो इथे फिका का?’ हा प्रश्न मी ऐकला नाही असा एकही वर्ग झालेला नाही, त्यामुळे ही सोय मला मोलाची वाटते. आपल्या कॅमेऱ्याची स्टाइल शोधून ती आधी लावावी आणि तिथून पुढे सुधारणा कराव्यात.

एका छायाचित्रावरील काम इतरांना लावायचे असेल तर लाइटटेबलमध्ये कंट्रोल आणि सी दाबून घ्यावे, बाकीची निवडून कंट्रोल आणि व्ही दाबावे. क्रॉप किंवा डाग काढणे सोबत जाऊ नये म्हणून नकल घेताना शिफ्टही दाबावे, म्हणजे काय न्यायचे ते निवडता येते. हे न सांगितल्यास एका छायाचित्रातील गालावरचा डाग काढणारा गोल चारशे छायाचित्रांवर जाऊन बसतो.

निवड करताना होणारी गफलत

लाइटटेबलमध्ये तारे देण्यासाठी आकड्यांच्या कळा आहेत आणि नाकारण्यासाठी आर ही कळ आहे. मात्र क्लिक न करताही, माऊसचा बाण ज्या छायाचित्रावर तरंगत असतो त्याच्यावरच कृती होते. इतर बहुतेक प्रोग्राममध्ये अशी सवय नसते, त्यामुळे मुलगा एक छायाचित्र बघत असतो आणि तारा दुसऱ्यालाच मिळतो. यावर उपाय सेटिंगमध्ये नाही, हातात आहे: लघुचित्रे मोठी करून एका ओळीत तीन-चारच ठेवावीत आणि बाण जिथे आहे तिथेच बघण्याची सवय करावी. चुकलेच तर कंट्रोल आणि झेड.

आयात होताना प्रत्येक छायाचित्राला एक तारा आपोआप मिळतो, म्हणून एका ताऱ्याला काहीच अर्थ नसतो हेही सांगून ठेवावे. मी फक्त दोन खुणा शिकवतो, नकारासाठी आर आणि अल्बमसाठी ३. पाच ताऱ्यांची प्रतवारी नवख्याला विचारात पाडते आणि हात थांबवते.

बाहेर काढणे

एक्सपोर्टसाठी नावे देऊन दोन प्रीसेट करून द्यावेत. ‘व्हॉट्सॲपसाठी’ यात जेपीईजी, लांब बाजू १६०० पिक्सेल, रंगाचे प्रोफाइल (रंग मांडण्याची ठरलेली पद्धत) एसआरजीबी. ‘लॅबसाठी’ यात जेपीईजी, दर्जा ९५, प्रोफाइल एसआरजीबी, आणि रुंदी-उंची दोन्ही शून्य, म्हणजे मूळ आकार. बारा बाय छत्तीस इंचांच्या अल्बमच्या पानासाठी ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) ३६०० बाय १०८०० पिक्सेल लागतात, त्यामुळे त्या पानावर जाणारे छायाचित्र लहान करून देणे परवडत नाही. त्याच नावाची फाइल आधीच असेल तर नवे नाव द्यावे, हा पर्याय दोन्हींत निवडून ठेवावा.

एका पानाचा तक्ता

पडद्यावरील इंग्रजी शब्द समोर राहणारच आहेत, म्हणून संगणकाशेजारी भिंतीवर लावण्यासाठी एक पान छापून द्यावे. आमच्या भागात एकाच स्टुडिओत मराठी शाळेतला आणि कन्नड शाळेतला मुलगा शेजारी बसून काम करतात, त्यामुळे मी तीन रकाने करतो: पडद्यावरचा शब्द, मराठी, कन्नड. कन्नड रकाना मात्र कन्नड जाणणाऱ्याकडूनच लिहून घ्यावा आणि कन्नड लिपीतच छापावा. ‘बेळकु’ आणि ‘बण्ण’ एवढे शब्द मलाही येतात, पण तेवढ्यावर तक्ता होत नाही.

मराठी शब्द निवडताना मी एक नियम पाळतो. जो शब्द कॅमेऱ्याच्या मेन्यूतही आहे तो तसाच ठेवावा, कारण मुलाने तो आधीच आत्मसात केलेला असतो. एक्स्पोजर, आयएसओ, क्रॉप यांना संस्कृत प्रतिशब्द देऊन तिसरा शब्द लादू नये, शेजारी ‘उजेड’ असा परिणाम तेवढा लिहावा. जो शब्द मुलाला मुख्यतः सॉफ्टवेअरमध्येच भेटतो त्याला मात्र त्याच्या परिणामावरून मराठी नाव द्यावे. कॉन्ट्रास्टला ‘उठाव’ हा चित्रकारांचा शब्द नेमका बसतो. व्हायब्रन्सला ‘फिक्या रंगांना दाटपणा’, डीनॉइजला ‘दाणे कमी करणे’, रीटचला ‘डाग काढणे’, लेन्स करेक्शनला ‘लेन्सचा बाक काढणे’. व्याख्या लिहू नयेत. ओळ वाचून हात कुठे जावा एवढेच तक्त्याने सांगावे.

पुन्हा बघत बसावे, आणि कळवावे

मांडणी देऊन पंधरा दिवस झाले की पहिल्या पायरीतील परीक्षा पुन्हा घ्यावी: तेच काम, तीच वही, तेच मौन. जिथे मुलगा अजूनही थांबतो तिथे आधी आपल्या मांडणीत बदल करावा. मी सुरुवातीला हेझ रिमूव्हल यादीत ठेवले होते, आणि राजहंसगडावरच्या जुलैतल्या धुक्याची छायाचित्रे मुलांनी धुके पुसून कोरडी करून आणली. मॉड्यूल चांगले होते, जागा चुकीची होती. मी ते काढले.

जी अडचण आपल्या मांडणीने सुटत नाही ती निर्मात्यांना कळवावी. डार्कटेबलचे काम गिटहब या सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावर उघडपणे चालते. तेथे साध्या इंग्रजीत काय करायचे होते, काय केले, काय झाले आणि आवृत्ती कोणती, एवढे चार मुद्दे पडद्याच्या चित्रासह लिहावेत. ‘अवघड आहे’ असे लिहून काही होत नाही. ‘चार जणांपैकी तिघांनी हे चिन्ह बंद करण्याचे समजून दाबले’ असे लिहिले तर विचार करायला काहीतरी मिळते. ज्याला भाषांतराची आवड आहे त्याने भाषांतराची वाक्ये असलेली पीओ प्रकारची फाइल पोएडिट या भाषांतराच्या प्रोग्राममध्ये उघडावी: डाव्या बाजूला मूळ वाक्य, उजव्या बाजूला आपले. ज्या वाक्याचे भाषांतर झालेले नसते ते इंग्रजीतच दिसते आणि बाकीचे मराठीत, म्हणून हजारो वाक्यांचा धसका न घेता वरच्या नऊ मॉड्यूलांतील शब्दांपासून सुरुवात करता येते. भिंतीवरचा तक्ता तोवर वापरून घासला गेलेला असतो, तेच शब्द तिथे घालावेत.

दुसऱ्या संगणकावर नेणे आणि आवृत्ती बदलणे

मांडणी, प्रीसेट, स्टाइल आणि टॅगांची नावे हे सगळे डार्कटेबलच्या सेटिंगच्या फोल्डरातील डेटा डॉट डीबी या एकाच फाइलमध्ये असते. त्याच आवृत्तीचे डार्कटेबल दुसऱ्या संगणकावर बसवून, छायाचित्रे आयात करण्यापूर्वी, दोन्हीकडे प्रोग्राम बंद असताना ही फाइल तिथे ठेवली की एका मुलासाठी केलेली मेहनत दहा जणांना मिळते. छायाचित्रांची नोंद लायब्ररी डॉट डीबीमध्ये असते. या दोन फायली आणि छायाचित्रांचे मुख्य फोल्डर एक्सएमपी फायलींसह दर आठवड्याला बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवावे.

डार्कटेबलच्या नव्या आवृत्त्या साधारणपणे वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सुमारास येतात. नवी आवृत्ती उघडली की नोंदवही नव्या रचनेत बदलली जाते आणि नंतर ती जुन्या आवृत्तीत उघडत नाही. डिसेंबर म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेली ऐन लग्नसराई. त्या वेळी मुलाने नवी आवृत्ती बसवली आणि दुसऱ्या दिवशी अल्बम द्यायचा असला, तर काय होते ते मी पाहिले आहे. म्हणून डिसेंबरची आवृत्ती तशीच सोडून द्यावी आणि आषाढात, कामे थांबलेली असताना, दोन्ही डीबी फायलींची नकल काढून मगच अपग्रेड करावे. त्यानंतर आपली नऊ मॉड्यूल जागच्या जागी आहेत का ते पाहावे, एखाद्याचे नाव बदलले असेल तर तक्त्यात दुरुस्त करावे, आणि नवे पान छापताना त्याच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक व तारीख लिहावी.